किडनीच्या रुग्णाला शहाळं नेताना

वस्तीत कुणी आजारी पडलं की आपण रिकाम्या हाताने भेटायला जात नाही. शहाळं, केळी, मोसंबी नेतो. ही आपली माणुसकी आहे. पण किडनी निकामी झालेल्या, त्यातही डायलिसिसवरच्या माणसाच्या जिवावर हीच पिशवी बेतू शकते.

एका शहाळ्याच्या पाण्यात ५०० मिलिग्रॅमच्या आसपास पोटॅशियम असतं. चांगली किडनी जास्तीचं लघवीवाटे टाकून देते, खराब किडनीला ते जमत नाही. ते रक्तात साठतं आणि हृदयाचे ठोके बिघडतात. आधी काही दुखेलच असं नाही. दोन डायलिसिसमध्ये मोठी सुट्टी पडते तेव्हा धोका जास्त.

शाळेबाहेरच्या गाडीवर तिखटमीठ लावून मिळणारं करमळ, ज्याच्या फोडी चांदणीसारख्या दिसतात, ते तर किडनीच्या कुठल्याच रुग्णाने खाऊ नये. त्यातलं विष मेंदूवर जातं. न थांबणाऱ्या उचक्या लागतात, माणूस बरळतो, झटके येतात.

मग मधल्या वेळी खायचं काय? महागाचं काही लागत नाही. खारे नसलेले कुरमुरे थोड्या तेलात कढीपत्ता घालून परता, वरून कच्चा कांदा. शेंगदाणे, डाळं, शेव नको. बटाटा-शेंगदाणे न घालता केलेले, कमी मिठाचे कांदेपोहे चालतात. परवडलं तर सफरचंदाच्या दोन-चार फोडी. ‘किडनी आहे, अंडं बंद’ असं घरोघर ऐकते. पण डायलिसिस सुरू झाल्यावर प्रथिनं जास्त लागतात. उकडलेल्या अंड्याचा पांढरा भाग अशा रुग्णाला उत्तम.

मीठ दिवसभराचं सगळं मिळून चहाचा एक सपाट चमचा. फरसाण, पापड, लोणचं, वडापाव यांतच ते संपतं. सैंधव हेही मीठच. आणि कमी सोडियमचं म्हणून विकलं जाणारं मीठ तर आणूच नका, त्यात बहुधा पोटॅशियमच भरलेलं असतं.

मात्र आजाराच्या सुरुवातीला सरसकट फळं तोडू नयेत. रिपोर्टमध्ये पोटॅशियम साधारण ३.५ ते ५ असेल तर डॉक्टरांना विचारूनच ठरवा. मधुमेह असेल तर तेही सांगा.

बुद्ध पौर्णिमेची खीर आणि जयंतीचं सरबत डायलिसिसच्या रुग्णाने त्या दिवसाच्या पाण्यात मोजायचं. विहारात वाढणाऱ्या ताईंनी त्यांना वाटीभर आग्रह न करता दोन चमचे वाढावेत.