‘वामन परत न आला’ : गुप्ततेचा प्रश्न

जयंत नारळीकर (१९३८–२०२५) यांच्या विज्ञानकथांची चर्चा मराठीत पुष्कळ झाली. त्यांच्या कादंबऱ्यांकडे मात्र विज्ञानप्रसाराचे साधन म्हणून पाहण्याचीच प्रवृत्ती अधिक दिसते. ‘वामन परत न आला’ या कादंबरीत परक्या, प्रगत संस्कृतीशी होणारा पहिला संपर्क गुप्त राखला जातो. ही गुप्तता केवळ उत्कंठेसाठी योजिलेली आहे, की ती आशयाचाच भाग आहे, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

दक्षिण भारतात भौतिकशास्त्राच्या एका प्रयोगासाठी खोल खोदकाम चालू असता एक अनोळखी पेटी सापडते. भौतिकशास्त्रज्ञ, संगणकतज्ज्ञ आणि पुरातत्त्वज्ञ असे तिघे तिचा उलगडा करू लागतात व तीतील ज्ञानातून ‘वामन’ हा यंत्रमानव साकार होतो. येथे परका जीव समोर येत नाही. येतो तो त्याचा ज्ञानवारसा. या ज्ञानातून काय घडविता येईल, याचे उत्तर लवकर मिळते. हे ज्ञान ज्यांचे होते ते नाहीसे का झाले, हा पुरातत्त्वाचा प्रश्न मंदगतीने सुटणारा आहे. कादंबरीतील खरा ताण या दोन गतींमधील अंतरातून निर्माण होतो.

केंब्रिज येथे नारळीकरांचे मार्गदर्शक असलेल्या फ्रेड हॉईल यांच्या ‘द ब्लॅक क्लाउड’ (१९५७) या कादंबरीशी तुलना येथे उद्बोधक ठरते. तेथेही शासन शास्त्रज्ञांना एका ठिकाणी कोंडून संपर्क गुप्त ठेवते. परंतु मेघाचे ज्ञान ग्रहण करू पाहणाऱ्यांचा त्या ज्ञानाच्या भारानेच अंत होतो. हॉईल यांना मानवी बुद्धीची मर्यादा दाखवावयाची आहे. नारळीकरांच्या कादंबरीत ज्ञान मानवाला पेलते, वापरता येते, आणि संकट नेमके तेथूनच उद्भवते.

शीर्षकातील पुराणसंदर्भ या दृष्टीने पाहावा. बळीने त्रिपादभूमीचे दान दिले ते भर यज्ञमंडपात. शुक्राचार्यांनी धोक्याची सूचनाही दिली होती. बळीने ती मानली नाही, पण ती उच्चारली गेली. बंद दारांआड चाललेल्या संशोधनात असा शुक्राचार्य कोठून यावा? गुप्ततेमुळे ज्ञान सुरक्षित राहते असे नाही. सत्तालोलुपांना ते हवेच असते. गुप्ततेने दुरावतो तो सावध करणारा आवाज. म्हणून गुप्तता हा कादंबरीच्या आशयाचा कणा आहे, असे म्हणावे लागेल.

कलाकृती म्हणून तिच्या मर्यादाही नमूद केल्या पाहिजेत. पात्रे बहुधा आपापल्या विद्याशाखेची प्रतिनिधी म्हणून वावरतात व संवादांवर स्पष्टीकरणाचा भार पडतो. तथापि, विचारव्यूहाची घट्ट बांधणी हे तिचे बलस्थान होय.

मराठवाड्यातील विद्यार्थ्याला हा विषय आता दूरचा वाटू नये. नांदेडलगतच्या हिंगोली जिल्ह्यात, औंढा नागनाथ परिसरात, प्रत्येकी ४ किलोमीटर लांबीच्या दोन भुजा असणाऱ्या लायगो-इंडिया या गुरुत्वलहरी-वेधशाळेच्या प्रकल्पास केंद्र शासनाने २०२३ मध्ये पूर्ण मंजुरी दिली. अशा विज्ञानाचे फलित कोणाचे, आणि त्याविषयी प्रश्न कोणी विचारावयाचा, हे वर्गात चर्चेला घेण्यासाठी ही कादंबरी उपयुक्त पाठ्य ठरेल.