देवाचे घर आणि देवाचा शब्द

इ. स. पूर्व ५८६ च्या सुमारास बॅबिलोनच्या सैन्याने जेरुसलेमचे मंदिर जाळले आणि तेथील अनेक कुटुंबांना बंदी करून नेले. युद्धात राजांबरोबर त्यांचे देवही लढतात, अशी त्या काळची समजूत होती. मग ज्याचे घरच भस्मसात झाले, तो याहवे पराभूत झाला असे मानावयाचे काय?

यापूर्वी पुष्कळ इस्राएली लोक इतर राष्ट्रांच्या देवांचे अस्तित्व नाकारीत नसत. आपण मात्र याहवेचीच उपासना करावी, एवढाच धर्मोपदेशकांचा आग्रह असे. बंदिवासात या श्रद्धेला निराळे वळण लागले. यशयाच्या ग्रंथातील ४० ते ५५ हे अध्याय याच काळातील, असे बहुतेक अभ्यासक मानतात. त्यांतील प्रतिपादन असे, की देव एकच असून बॅबिलोनचा विजयही त्याच्याच इच्छेने घडला. इ. स. पूर्व ५३९ मध्ये बॅबिलोन जिंकणाऱ्या इराणी सायरसला तेथे देवाचा ‘अभिषिक्त’ म्हटले आहे. एका जमातीचा देव पराभवातूनच विश्वाचा स्वामी झाला.

परंतु असा अमर्याद देव माणसाच्या निकट कसा येणार? इ. स. ७० मध्ये रोमनांनी दुसरे मंदिर पाडले, तेव्हा धर्मग्रंथाचे अध्ययन आणि प्रार्थना हेच यहुदी धर्मजीवनाचे केंद्र बनले. ख्रिस्ती श्रद्धेनुसार देवाचा शब्द येशूच्या रूपाने मनुष्य झाला. हा शब्द निर्मित आहे, असे अलेक्झांड्रियाचा एरियस सांगे. सम्राट कॉन्स्टंटाइनने बोलाविलेल्या निसियाच्या परिषदेने ३२५ मध्ये ते मत नाकारून पुत्र हा पित्याशी एकतत्त्व असल्याचे ठरविले.

सातव्या शतकात इस्लामने देवाला पुत्र नाही, भागीदार नाही, असे निःसंदिग्धपणे सांगितले. तरीही शब्दाचा प्रश्न सुटला नाही. कुराण अनादी मानले तर अनादी तत्त्वे दोन होतात, अशी मुताझिला पंथीयांची शंका होती. ८३३ मध्ये खलिफा मामूनने न्यायाधीशांची व विद्वानांची या मुद्द्यावर चौकशी आरंभिली. कुराण निर्मित आहे असे म्हणण्यास अहमद इब्न हनबल यांनी नकार दिला आणि कारावास पत्करला. पुढे सुन्नी परंपरेत त्यांचाच पक्ष मान्य झाला.

तिन्ही धर्मांची उत्तरे भिन्न आहेत. परंतु जो सर्वांहून पलीकडे आहे, त्याचा शब्द माणसाच्या भाषेत कसा उतरतो, हा प्रश्न तिघांचाही आहे.