शेतजमिनीचा वारसा व त्याची नोंद

खातेदार मरण पावताच त्याच्या जमिनीवर वारसांचा हक्क उत्पन्न होतो. परंतु गावदप्तरातील मयताचे नाव आपोआप कमी होत नाही. ते तसेच राहिल्यास पीककर्ज अडते आणि नुकसानभरपाईच्या रकमेचा खोळंबा होतो.

महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६, कलम १४९ अन्वये वारसाने हक्क प्राप्त झाल्यापासून तीन महिन्यांत तलाठ्याकडे वर्दी द्यावयाची असते. सोबत मृत्यूचा दाखला व सर्व वारसांची नावे द्यावीत. त्यांची नोंद गाव नमुना ६-क मध्ये होते. पुढे फेरफार लिहिला जाऊन संबंधितांना नोटिसा निघतात आणि तो प्रमाणित झाल्यावर सातबाऱ्यावर नावे चढतात.

‘सर्व’ हा शब्द येथे महत्त्वाचा आहे. थोरल्या मुलाचेच नाव लावून बहिणींना वगळण्याची रीत पुष्कळ गावी आढळते. तिने बहिणींचा हक्क नष्ट होत नाही. तंटा मात्र पुढील पिढीच्या माथी येतो. हिंदू उत्तराधिकार अधिनियम, १९५६ प्रमाणे मृत्युपत्र न करता मरण पावलेल्या पुरुषाच्या स्वकष्टार्जित मालमत्तेत विधवा, मुलगे, मुली व आई यांचा समान हिस्सा असतो. समजा, जमीन चार एकर असून मागे पत्नी, दोन मुलगे व एक मुलगी आहेत. तर प्रत्येकास ४० गुंठे येतील. मयताची आई हयात असल्यास पाच हिस्से होऊन प्रत्येकी ३२ गुंठे. वडिलोपार्जित एकत्र जमिनीचा हिशेब निराळा असतो. तथापि २००५ च्या दुरुस्तीने तेथेही मुलगी जन्मतः सहदायाद ठरली आहे. बहिणीला स्वखुशीने हिस्सा सोडावयाचा असल्यास हक्कसोडपत्र नोंदणीकृतच हवे; कोऱ्या कागदावरील अंगठ्याचा काही उपयोग नाही.

हयातीतच व्यवस्था लावू इच्छिणाऱ्याने मृत्युपत्र करावे. त्यावर दोन साक्षीदारांच्या सह्या आवश्यक आहेत. नोंदणी सक्तीची नसली तरी करून घेणे शहाणपणाचे. साक्षीदार लाभ न मिळणारे व वयाने लहान असावेत, म्हणजे वेळेस साक्ष देण्यास ते हयात असतील.

प्रत्यक्ष वाटप संहितेच्या कलम ८५ अन्वये तहसीलदाराकडे अर्ज करून होते. त्यावेळी १९४७ च्या तुकडेबंदी कायद्याची अट आधी विचारून घ्यावी. विहिरीवरील पाण्याची पाळी व बांधावरील वाट यांचा उल्लेखही वाटपाच्या कागदातच करावा. क्षेत्र बिनचूक मोजले जाते, आणि भावाभावांत वाद पेटतो तो बहुधा मोटारीच्या पाळीवरून.