डिस्कसच्या शेजारी कोण?

डिस्कस रात्री जवळजवळ हलत नाही. दिवा मालवला की लाकडाच्या आडोशाला तरंगत राहतो, आणि शेवाळ खाणारा सकर मासा जागा होतो तो नेमका तेव्हाच. माझ्या चार फुटी टाकीतल्या निळ्या डिस्कसच्या कुशीवर एका सकाळी गोल, पांढुरके चट्टे दिसले. पाहणाऱ्यांनी बुरशी म्हटलं, औषधं सुचवली. रात्री उशिरा टॉर्च मारली तेव्हा उलगडा झाला. सकर काचेला चिकटावा तसा त्याच्या चपट्या अंगाला चिकटून बसला होता.

सकरला तरी काय बोल लावणार! डिस्कसच्या अंगावरचा बुळबुळीत थर पौष्टिक असतो. त्याची पिल्लं सुरुवातीचे काही आठवडे आईबापाच्या अंगावरचा हाच थर खाऊन वाढतात. शिवाय डिस्कसच्या टाकीत पाणी सारखं बदलावं लागतं, त्यामुळे शेवाळ बेताचंच. उपाशी सकरला आयतं ताट मिळतं. थर खरवडला गेला की तिथे जंतूंना वाट मोकळी होते. माशाचा रंग काळवंडतो, तो कोपरा धरतो, खाणं सोडतो.

दुकानात सकर ‘टाकी साफ करणारा’ म्हणून मिळतो. बोटाएवढा दिसतो, वाढतो मात्र फूट-दीड फूट, आणि साफ करतो त्याहून जास्त घाण करतो. पिवळा, सडपातळ चायनीज अल्गी ईटर तर त्याहून वाईट. लहानपणी शेवाळ खातो, मोठेपणी चपट्या माशांच्या मागे लागतो. इवलासा ओटोसिंक्लस गरीब असतो, पण नव्या टाकीत त्याला पुरेसं शेवाळ मिळत नाही आणि तो उपासमारीनं मरतो. शेवाळ खाणारा पाळायचाच असेल तर ब्रिस्टलनोज घ्यावा. चार-पाच इंचांवर थांबतो. टाकीत लाकडाचा ओंडका हवा आणि दिवा मालवल्यावर काकडीची चकती टाकायला हवी. पोट भरलेलं असलं की तो सहसा डिस्कसच्या वाटेला जात नाही. तरीही अधूनमधून रात्री टॉर्च मारून पाहावं.

सोबती निवडताना मी आधी तापमान विचारतो, रंगरूप नंतर. डिस्कस अ‍ॅमेझॉन खोऱ्यातला. त्याला २८ ते ३० अंशांचं पाणी लागतं. बहुतेक शोभेचे मासे २४-२५ अंशांत सुखी असतात. गोल्डफिश तर थंड पाण्यातला, त्याचा प्रश्नच नाही. निऑन टेट्रा या उष्णतेत लवकर थकतो. त्याचाच भाऊ कार्डिनल टेट्रा टिकतो. रमी नोज टेट्राचा थवा, जर्मन रॅम, तळाला स्टर्बाय कोरीडोरस ही मंडळी डिस्कसच्या पाण्यात नांदतात. कार्डिनल मात्र चांगले वाढलेले घ्यावेत, कारण चिमुकला टेट्रा मोठ्या डिस्कसच्या तोंडात सहज मावतो.

दुसरी अट जेवणाची. डिस्कस घास तोंडात घेतो, थुंकतो, पुन्हा घेतो. तेवढ्या वेळात टायगर बार्ब सगळं फस्त करतो, वर त्याचे पर कुरतडतो. क्लाऊन लोचला ऊब चालते, पण तो फूटभर वाढतो आणि दंगा फार. एंजलफिश डिस्कसचा नातलग, म्हणून लोक हौसेनं एकत्र ठेवतात. मला ते पटत नाही. एंजल हावरट असतो, आणि स्वतः धडधाकट दिसत असतानाही डिस्कसला बाधणारे परजीवी घेऊन येऊ शकतो. कुठलाही नवा मासा तीन-चार आठवडे वेगळ्या टाकीत ठेवल्याशिवाय आत सोडू नये.

आपल्या गोंदियात आणखी एक हिशेब करावा लागतो. थंडीत पारा दहाच्या खाली जातो, तेव्हा हीटर हवाच. नवतपात उलटं होतं. हीटर बंद असूनही पाणी ३२-३३ अंशांवर जातं. २० अंशांच्या पाण्यात लिटरमागे सुमारे ९ मिलिग्रॅम प्राणवायू विरघळतो, ३० अंशांत साडेसातच. त्यात वीज गेली तर दाटीच्या टाकीत आधी मोठे मासे पाण्याच्या वर तोंड काढतात. म्हणून चार फुटी, अडीचशे लिटरच्या टाकीत पाच-सहा डिस्कस आणि एक छोटा थवा एवढंच पुरे. बॅटरीवर चालणारा एअर पंप आणि फ्रीजरमध्ये गोठवलेल्या पाण्याच्या बाटल्या मे महिन्यात हाताशी असाव्यात.

शेवाळाचं म्हणाल तर दिवा सहा-सात तासच लावावा, उरलेलं अन्न लगेच काढावं आणि पाणी बदलताना काच स्पंजनं पुसावी. खिडकीतलं ऊन टाकीवर पडू देऊ नये. एवढं केलं तर सकर आणायची वेळच येत नाही.

आणलेला सकर मोठा झाला की बरेच जण त्याला ‘बिचारा जगू दे’ म्हणून जवळच्या बोडीत सोडतात. हे मात्र कदापि करू नका. भीमेवरच्या उजनी जलाशयात हा परदेशी मासा पसरला आहे. त्याच्या काट्यांनी जाळी फाटतात आणि बाजारात त्याला कोणी विचारत नाही. आपला जिल्हा तलावांचा. इथले माजी मालगुजारी तलाव मातीच्या पाळीवर उभे आहेत आणि त्यांतल्या मासोळीवर ढीवरांची घरं चालतात. सकरचे नर मादीच्या अंड्यांसाठी काठाच्या मातीत बिळं कोरतात. दुकानदार परत घेत असेल तर त्याला द्या, नाहीतर मोठी टाकी असलेल्या एखाद्या शौकिनाला गाठा.