चोविसाव्या हिश्शाची टॅक्सी

गेल्या मे महिन्यात आमच्या शेजारचा नववीतला एक मुलगा पुठ्ठ्याची मोटार दोन्ही हातांवर जपून धरून माझ्याकडे आला. काळे अंग आणि पिवळे टप. ही मुंबईची पद्मिनी टॅक्सी, हे ओळखायला मला वेळ लागला नाही. त्याच्या आजोबांनी तीस वर्षे मुंबईत अशी टॅक्सी चालवली होती. मुंबईत टॅक्सीला वीस वर्षांची वयोमर्यादा आहे. त्यामुळे शेवटी नोंदलेली पद्मिनी टॅक्सीसुद्धा ऑक्टोबर २०२३ च्या अखेरीस रस्त्यावरून गेली. आजोबांची गाडी तर त्याआधीच भंगारात निघाली होती. आजोबांच्या वाढदिवसाला ती छोट्या रूपात परत द्यायची, असा नातवाचा बेत होता. वाढदिवसाला पंधरा दिवस उरले होते आणि स्वारी नाराज होती.

"काका, सगळी मापं तीनदा तपासली. एकही चूक नाही. तरी ही टॅक्सी वाटत नाही, खेळणं वाटतं. असं का?"

प्रश्न साधा दिसतो, पण त्याचे उत्तर शोधताना आपल्याला भूमितीपासून प्रकाशापर्यंत बरेच फिरून यावे लागते. चला तर, आपणही त्या मुलाबरोबर निघू.

प्रमाण म्हणजे काय?

त्याने १:२४ हे प्रमाण घेतले होते. म्हणजे खऱ्या गाडीवरील प्रत्येक लांबी चोविसाने भागायची. प्रतिकृतींच्या छंदात हे प्रमाण फार रुळलेले आहे. त्याचे मूळ जुन्या इंग्रजी मापांत आहे. एका फुटाचे बारा इंच. एका फुटासाठी एक इंच घेतला तर प्रमाण १:१२ होते आणि अर्धा इंच घेतला तर १:२४. लहान धातूच्या मोटारींमध्ये आढळणारे १:४३ हे विचित्र प्रमाणही असेच आले. खेळण्यातल्या रेल्वेसाठी एका फुटाला सात मिलिमीटर हे माप घेत असत, ३०४.८ ला ७ ने भागून पाहा.

पद्मिनीची लांबी सुमारे ३.९३ मीटर, रुंदी १.४६ मीटर आणि पुढच्या व मागच्या चाकांच्या मध्यांतील अंतर २.३४ मीटर. चोविसाने भागल्यावर ही मापे अनुक्रमे १६.४, ६.१ आणि ९.७५ सेंटिमीटर येतात. मी पट्टी लावून पाहिली. मुलाचे म्हणणे खरे होते.

पण दरवाजाची उंची, काचेचा उतार, दिव्याचा व्यास ही बारीक मापे त्याने कुठून मिळवली? आजोबांच्या एका छायाचित्रावरून. गाडी बाजूने टिपलेली होती आणि चाकांमधील अंतर छायाचित्रात ७८ मिलिमीटर भरत होते. २३४० ला ७८ ने भागले की ३० येतात. म्हणजे ते छायाचित्र हीच १:३० ची प्रतिकृती झाली! त्यावरील कोणत्याही मापाला सव्वाने गुणले की १:२४ चे माप मिळते. एक पथ्य मात्र पाळावे. छायाचित्र गाडीच्या बरोबर बाजूने आणि शक्य तितक्या लांबून घेतलेले हवे. जवळून घेतल्यास पुढे आलेले भाग मोठे व मागचे भाग लहान दिसतात आणि हिशेब चुकतो.

लांबी चोवीसपट कमी, वजन किती?

येथे आपण थोडे थांबू. लांबी चोविसाव्या हिश्शाची झाली म्हणजे सर्वच गोष्टी चोविसाव्या हिश्शाच्या झाल्या का? नाही. क्षेत्रफळ लांबीच्या वर्गाप्रमाणे बदलते, म्हणून ते ५७६ पटींनी घटते. घनफळ लांबीच्या घनाप्रमाणे बदलते, म्हणून ते १३,८२४ पटींनी घटते. पद्मिनीचे वस्तुमान सुमारे ९०० किलोग्रॅम होते. अगदी त्याच पोलादाची, त्याच काचेची हुबेहूब प्रतिकृती कोणी केली, तर तिचे वस्तुमान अवघे ६५ ग्रॅम भरेल.

वजन १३,८२४ पटींनी घटले, पण ते पेलणाऱ्या खांबांचे छेद ५७६ पटींनीच घटले. याचा अर्थ प्रत्येक खांबाच्या दर चौरस सेंटिमीटरवर येणारा भार चोवीसपट कमी झाला. म्हणूनच जे टप खऱ्या गाडीत पोलादाचे लागते, ते प्रतिकृतीत पुठ्ठ्याचेही चालते. गॅलिलिओने १६३८ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात हाच मुद्दा हाडांचे उदाहरण देऊन मांडला होता. प्राणी आकाराने वाढला, की त्याची हाडे केवळ लांब होऊन भागत नाही. ती तुलनेने जाडही व्हावी लागतात.

मुलाने गाडी टेबलावर ढकलली. ती टुणटुणत गेली आणि तिचे खेळणेपण लगेच उघडे पडले. याचे कारण असे, की गुरुत्व त्वरण काही आपल्यासाठी चोवीसपट कमी होत नाही. १० सेंटिमीटर उंचीवरून पडायला वस्तूला ०.१४ सेकंद लागतो. त्याच प्रमाणात खरी गाडी २.४ मीटरवरून पडेल आणि तिला ०.७० सेकंद लागेल. काळ चोवीसपट न बदलता चोविसाच्या वर्गमूळाइतका, म्हणजे ४.९ पट बदलला. चित्रपटांत लहान प्रतिकृतींचे अपघात दाखवताना याच कारणासाठी कॅमेरा वेगाने चालवीत. दर सेकंदाला २४ ऐवजी सुमारे १२० चित्रे घ्यायची आणि ती नेहमीच्या गतीने दाखवायची, म्हणजे पडणारी छोटी मोटार जड वाटू लागते.

"पण माझी गाडी तर काचेच्या पेटीत उभी राहणार आहे," मुलगा म्हणाला. बरोबर आहे. तेव्हा आता उभ्या गाडीकडे वळू.

रंगाचा थर

मी भिंग घेऊन दरवाजाची फट पाहिली. म्हणजे पाहण्याचा प्रयत्न केला, कारण फट नव्हतीच. मुलगा म्हणाला, "कापताना ठेवली होती. रंग दिल्यावर बुजली. मग मी स्केचपेननं रेघ ओढली."

फट का बुजली, हे आकड्यांनीच पाहू. खऱ्या गाडीत दरवाजाची फट सुमारे ५ मिलिमीटर असते, असे समजा. प्रतिकृतीत ती ०.२ मिलिमीटर होईल. आता कुंचल्याने दिलेल्या रंगाचा एक हात वाळल्यावर ०.०५ मिलिमीटर जाड राहतो, असे समजा. दोन हात दिले की ०.१ मिलिमीटर. फटीला दोन कडा. दोन्हींवर रंग बसतो. बेरीज ०.२ मिलिमीटर! फट गेली ती अशी.

खऱ्या मोटारीवरील रंगाचे सगळे थर मिळून साधारण ०.१ मिलिमीटर जाड असतात. तोही थर आपण प्रमाणात लहान करायचा म्हटले, तर ०.००४ मिलिमीटरचा थर द्यावा लागेल. ते हाताने साधणारे नाही. मोटार लहान होते, पण रंग लहान होत नाही. तो त्याच कणांचा, त्याच दाटपणाचा राहतो. म्हणूनच छंदी लोक रंग पातळ करून, अनेक हलके हात देतात आणि जमल्यास फवारा वापरतात.

स्केचपेनची रेघ तर याहून वाईट. ती एक मिलिमीटर रुंद होती. चोविसाने गुणा. खऱ्या टॅक्सीच्या दरवाजाला अडीच सेंटिमीटरची फट असती, तर आजोबांनी पावसाळ्यात ती चालवली असती का?

रंगाच्या पृष्ठताणाचाही येथे संबंध येतो. पृष्ठताण द्रवाचा पृष्ठभाग कमी करू पाहतो. त्यामुळे ओला रंग टोकदार कडेवरून मागे सरतो आणि आतल्या कोपऱ्यात जमतो. कडा उघड्या पडतात आणि खाचा भरतात. हाच पृष्ठताण कुंचल्याच्या रेषा सपाट करण्यास मदतही करतो. मात्र त्यासाठी रंग काही वेळ ओला राहिला पाहिजे. फवारा फार लांबून मारला तर थेंब हवेतच अर्धवट सुकतात, एकमेकांत मिसळत नाहीत आणि पृष्ठभाग संत्र्याच्या सालीसारखा खरबरीत होतो. फार जवळून मारला तर रंग ओघळतो. योग्य अंतर आधी रद्दी पुठ्ठ्यावर ठरवावे.

येथे माझी एक फजिती सांगतो. कॉलेजात असताना मी प्लॅस्टिकच्या तयार भागांची एक मोटार जुळवली आणि तिला लाकडी फर्निचरसाठी आणलेल्या लॅकरचा हात दिला. पाच मिनिटांत बॉनेट चिकट होऊन त्याला सुरकुत्या पडल्या. ते प्लॅस्टिक पॉलिस्टायरीन होते आणि लॅकरच्या थिनरमध्ये ते विरघळते. तेव्हा प्लॅस्टिकवर कोणताही नवा रंग देण्यापूर्वी तो एखाद्या टाकाऊ तुकड्यावर देऊन पाहा. शिवाय थिनर व फवारा नेहमी मोकळ्या हवेत आणि शेगडीपासून दूर वापरावा.

डोळ्याला काय दिसते?

आता शेवटचा मुद्दा. आपण प्रतिकृती साधारण ५० सेंटिमीटरवरून पाहतो. चोविसाने गुणले तर हे खरी गाडी १२ मीटरवरून, म्हणजे रस्त्याच्या पलीकडच्या फुटपाथवरून पाहण्यासारखे आहे. निरोगी डोळा सुमारे एक कला, म्हणजे एका अंशाच्या साठाव्या भागाइतक्या कोनापर्यंत दोन बिंदू वेगळे ओळखतो. १२ मीटरवर हा कोन सुमारे ३.५ मिलिमीटर होतो. त्याहून बारीक तपशील पलीकडच्या फुटपाथवरून वेगळा दिसत नाही आणि म्हणून प्रतिकृतीतही तो करण्याचे कारण नाही. मुलाने मात्र दरवाजाच्या कुलपाचे भोकसुद्धा पेनाने काढले होते! जे दिसायला नको ते दिसत होते आणि जी फट दिसायला हवी ती बुजली होती.

काळ्या रंगाचीही गोष्ट अशीच. मुलाने डबीतला गडद काळा रंग तसाच दिला होता. खरी टॅक्सी उघड्या आकाशाखाली उभी असते. दुपारच्या उन्हात सुमारे एक लाख लक्स इतका प्रकाश असतो. घरातल्या दिव्याखाली तो जेमतेम शेदोनशे लक्स भरतो. बाहेर काळ्या बॉनेटवर आकाशाचा उजेड परावर्तित होतो आणि त्याचे उंचसखलपण दिसते. खोलीत तेच बॉनेट अंधाऱ्या कोपऱ्यांचे प्रतिबिंब दाखवते आणि सारा आकार एका काळ्या डागात बुडतो. यासाठी अनुभवी लोक काळ्यात थोडा पांढरा मिसळतात. माप खरे ठेवण्यासाठी रंग थोडा खोटा करावा लागतो.

करून पाहा

तुमच्या शाळेच्या प्रयोगशाळेत स्क्रू गेज असेल. त्याचे लघुतम माप ०.०१ मिलिमीटर असते. रंगाच्या एका हाताची जाडी त्याने नीट मोजता येणार नाही. म्हणून जुन्या प्लॅस्टिकच्या पट्टीचा तुकडा घ्या आणि पाच ठिकाणी त्याची जाडी मोजून सरासरी काढा. एकाच बाजूला रंगाचे दहा हात द्या. प्रत्येक हात पूर्ण वाळू द्या. पुन्हा त्याच पाच ठिकाणी मोजा. दोन सरासरींतील फरकाला दहाने भागा. एकदा दाट रंग आणि एकदा पातळ केलेला रंग घेऊन तुलना करा. पुठ्ठा मात्र घेऊ नका. तो रंग शोषून फुगतो. मग वर मी जे "समजा" म्हणून घेतले, ते ०.०५ मिलिमीटर तुमच्या रंगाला कितपत लागू पडते, हे तुम्हीच ठरवा.

आमच्या मुलाने दुसऱ्या दिवसापासून नवे अंग कापायला घेतले. या वेळी दरवाजाची फट थोडी रुंद, ०.३ मिलिमीटर ठेवली. रंग पातळ करून चार हलके हात दिले. मधूनमधून बारीक पॉलिश पेपर पाण्यात बुडवून फिरवला. काळ्यात चिमूटभर पांढरा मिसळला. कुलपाची भोके गाळली.

वाढदिवसाच्या संध्याकाळी मीही तेथे होतो. आजोबांनी चष्मा चढवला, गाडी हातात न घेता टेबलावरच वाकून चारही बाजूंनी पाहिली आणि बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "मीटर कुठंय रे?"

जुन्या टॅक्सीचा यांत्रिक मीटर गाडीच्या बाहेर, पुढच्या काचेजवळ डाव्या अंगाला बसवलेला असे. छायाचित्र उजव्या बाजूने घेतलेले होते. त्यात तो दिसत नव्हता.

"केवढा होता?" मुलाने विचारले. आजोबांनी टेबलावर तळहात आडवा धरून उंची दाखवली. मुलाने पट्टी आणली, टेबलापासून तळहातापर्यंतचे अंतर मोजले आणि चोविसाने भागले.