परतीचं तिकीट दोघांचं असतं

अमेरिकेला जाताना सगळं गाव सल्ले देतं. लोणचं कसं बांधावं, पासपोर्ट कुठं ठेवावा, तिथल्या साहेबानं विचारलं तर काय सांगावं. परत येतानाचा सल्ला मात्र कुणी देत नाही. घरीच तर यायचंय, त्यात काय सांगायचं! बारामती-इंदापूरकडची कितीतरी जोडपी आता मुलाकडं नाहीतर लेकीकडं सहा-सहा महिने राहून येतात. एप्रिल-मेमध्ये जायचं आणि थंडी पडायच्या आत, दिवाळीच्या आगेमागे परतायचं. आम्हीही ही वारी केलीय, म्हणून सांगते.

व्हिसा दहा वर्षांचा असला तरी एका खेपेला किती राहायचं ते तिथं उतरल्यावर विमानतळावर ठरतं. त्याची ‘आय-९४’ नावाची नोंद असते. बहुतेकांना सहा महिने मिळतात, पण आपल्या नोंदीवरची तारीख मुलाकडून बघून घ्या. तिकीट त्या तारखेच्या दोन-तीन आठवडे आधीचं काढा. अगदी शेवटच्या दिवसाचं काढलं आणि नेमका ताप आला, तर सगळ्या घराची झोप उडते. ऑक्टोबरअखेर आलात तर पेन्शनवाल्यांचा नोव्हेंबरातला हयातीचा दाखलाही निवांत होतो. इथला मोबाईल नंबर मात्र रिचार्ज करून जिवंत ठेवा. तीन महिने वापर नसला तर तो बंद पडू शकतो, आणि मग बँकेचा ओटीपी यायचा कुठं?

निघायच्या आधीचे पंधरा दिवस आपण बायका फ्रीजर भरण्यात घालवतो. पुरणपोळ्या, वाटणं, थालीपिठाची भाजणी. आपण गेल्यावर महिनाभरात ते संपतं. त्यापेक्षा मुलाला पिठलं आणि मुगाची खिचडी करायला शिकवा, ते जन्मभर पुरेल. नातवंडांना आठवडाभर आधी कॅलेंडरवर बोट ठेवून जायचा दिवस दाखवा. झोपेत असताना गुपचूप निघून जायचा प्रकार करू नका, पोर नंतर दारं उघडून शोधत बसतं. फोनची वेळही तिथंच ठरवा. कॅलिफोर्नियात सकाळचे साडेसात म्हणजे आपल्याकडं रात्रीचे आठ, न्यू जर्सीत साडेसात म्हणजे संध्याकाळचे पाच. नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी तिकडची घड्याळं एक तास मागं जातात, तेव्हा आपल्याकडं फोन तासभर उशिरा येणार. उगाच काळजी करत बसू नका.

सामानाचं फार सांगत नाही. मिक्सर आणू नका, तिकडची वीज ११० ते १२० व्होल्टची आणि आपली २३० ची. बदामाच्या थैल्याही आणू नका. कॅलिफोर्नियाचे बदाम बारामतीच्या दुकानात मिळतात. खरी भीती आमच्याकडच्या पुरुषांची! शेतकरी माणूस, मुलाच्या शेजाऱ्याची द्राक्षवेल दिसली की काडी खिशात जाते. परदेशातून रोपं, काड्या, बियाणं परवान्याशिवाय आणता येत नाही, आणि त्याला कारण आहे. गाजरगवत पुण्यात १९५५ च्या सुमारास पहिल्यांदा नोंदलं गेलं. अमेरिकेच्या गव्हाबरोबर आलं म्हणतात. आज कुठला बांध त्याच्याविना आहे? आणि काडीबरोबर रोग आला तर? तेल्या रोगानं डाळिंबाच्या बागांचं काय केलं हे इंदापूरकरांना मी सांगायला नको. मालकांचे खिसे बॅग भरतानाच तपासा.

विमानतळावर चालणं होत नसेल तर व्हीलचेअर तिकीट काढतानाच सांगून ठेवा, त्यात लाजायचं काही नाही. विमानात तासा-दोन तासांनी उठून पाय मोकळे करा. साखर-रक्तदाबाची औषधं, विशेषतः इन्सुलिन, उलट्या घड्याळात कशी घ्यायची ते निघण्याआधी डॉक्टरांकडून कागदावर लिहून घ्या.

मुंबईला मध्यरात्री उतरलात तर तसेच बारामतीला निघू नका. घ्यायला आलेला ड्रायव्हरही रात्रभर जागाच असतो. मुंबईतच कुणाकडं तरी पडा, सकाळी निघा. सासवड-जेजुरीवरून आलात तर गाडीतलं कुणीतरी हमखास म्हणतं, मोरगाव वाटेतच आहे, मयूरेश्वराचं दर्शन घेऊनच जाऊ. गाडीतूनच हात जोडा. देव आठ दिवस थांबतो, सुजलेले पाय थांबत नाहीत.

पूर्वेकडं येताना झोप जुळायला जास्त दिवस लागतात. दिवसाला एक तास असा हिशेब धरा. रात्री दोनला टक्क जाग आली तरी उठून चहा टाकू नका, आणि दुपारी कितीही डोळे मिटले तरी घोरत पडू नका. सकाळी अंगणात ऊन घेत बसा. पहिले दहा दिवस पूजा नाही, पाहुणे नाहीत, जमिनीचा किंवा पैशाचा व्यवहार तर नाहीच. घराची टाकी आधी कुणाकडून तरी धुवून घ्या. नीरा डाव्या कालव्याची पाळी कधी, उसाची नोंद कारखान्यात लागली का, ई-पीक पाहणी झाली का, हे वाटेकऱ्याला पहिल्याच दिवशी विचारलंत तरी चालेल. तेवढं कळल्याशिवाय मालकांना झोप येत नाही.

आता मुख्य गोष्ट. तिकडं सहा महिने आपल्याला एकमेकांशिवाय कुणी नसतं. मुलं कामावर, गाडी चालवता येत नाही, शेजारी नुसतं हसून आत जातो. म्हणून आपण रोज संध्याकाळी दोघंच फिरायला जातो, बाकावर बसतो, बोलतो. चाळीस वर्षांच्या संसारात भावकी, शाळा, गुरं, उसाची तोड यातून जे बोलायचं राहिलं, ते तिथं बोलून होतं. मालक डिशवॉशर भरतात, कपड्यांच्या घड्या घालतात. आणि घरी उतरले की दुसऱ्या दिवशी पुन्हा कॉटवर बसून पाण्याचा तांब्या मागतात! ते पारावर, आपण माहेरच्या फोनवर. सहा महिन्यांची कमाई आठवड्यात जाते. तसं होऊ देऊ नका. संध्याकाळचं फिरणं पहिल्या दिवसापासून चालू ठेवा, कालव्याच्या कडेनं जा, लोक काय बघायचं ते बघू देत. भांडी पुसायचं काम मालकांचंच राहू द्या, पाहुण्यांसमोरसुद्धा.

दोघांना सारखं वाईट वाटतं असंही समजू नका. मालकांचा जीव शेतात असतो, ते आले की खुशीत. आपला जीव नातवंडाच्या दुधाच्या बाटलीत अडकलेला. पुष्कळ घरांत उलटंही असतं. आजोबाच गुपचूप रडतात आणि आजीला मोकळं वाटतं, कारण तिला तिच्या ओट्याचा ताबा परत मिळालेला असतो. ज्याला आनंद झालाय त्यानं दुसऱ्याला ‘आता पुरे’ म्हणू नये.

गावात कुणी विचारलं तर दोन वाक्यांत सांगा. तिथले रस्ते, इथले खड्डे हे पुराण कुणाला ऐकायचं नसतं. मुलाचा पगार, घराची किंमत सांगू नका. सुनेबद्दल तर अवाक्षर नको, बारामतीत बोललेलं त्याच रात्री जर्सीत पोचतं.

मुलं फोनवर विचारतील, पुढच्या वर्षी कधी येताय? महिनाभर उत्तर देऊ नका. जायचं की नाही, किती दिवस, उसाचं कोण बघेल, ते आधी दोघांनी बसून ठरवा आणि मगच मुलांना सांगा.