नव्या क्लचची कुरकुर: गिअरबॉक्स पुन्हा उतरवण्याआधी

नवा क्लच बसवून गाडी बाहेर काढली आणि रिव्हर्स टाकताना करकर वाजलं, किंवा पहिल्या गिअरमध्ये गाडी थरथरत सुटली, की गॅरेजमध्ये बहुधा एकच तोडगा निघतो: गिअरबॉक्स परत उतरवू. ही घाई करू देऊ नका. छोट्या पेट्रोल गाडीचा गिअरबॉक्स उतरवून चढवण्याची मजुरी सातारा-सांगलीत साधारण दोन ते चार हजार रुपये धरा, डिझेल एसयूव्हीची पाच ते दहा हजार. अधिकृत सर्व्हिस सेंटरात त्याहून जास्त. बऱ्याच तक्रारींचं मूळ मात्र गिअरबॉक्सच्या बाहेर असतं आणि काही शे रुपयांत निघतं.

आधी ठरवायचं ते हे, की जे जाणवतंय तो बिघाड आहे की त्या क्लचचा स्वभाव. साध्या गाडीचा कंपनीसारखा क्लच सेट, म्हणजे प्लेट, प्रेशर प्लेट आणि रिलीज बेअरिंग, साधारण चार ते सात हजारांत येतो. त्यात प्लेटचं अस्तर ऑरगॅनिक असतं आणि हाफ क्लचवर ते मऊपणे पकडतं. परफॉर्मन्स क्लच बसवतात ते मुख्यतः डिझेल गाडीचं रीमॅप करून टॉर्क वाढवलेले किंवा थारला मोठे टायर चढवलेले लोक. त्यात एक प्रकार जड प्रेशर प्लेट आणि ऑरगॅनिक प्लेटचा, दुसरा सिरॅमिक बटन प्लेटचा. बटन प्लेट ट्रॅक्टर-ट्रकवाल्यांच्या ओळखीची आहे. ती एकदम पकडते, हाफ क्लच जवळजवळ मानतच नाही. बाहेरून मागवलेला असा सेट तीस हजारांपासून ऐंशी-नव्वद हजारांपर्यंत जातो.

माझं स्पष्ट मत असं, की रीमॅप न केलेल्या गाडीला आपल्या भागात बटन प्लेट बसवू नये. पसरणी घाटात पाचगणीकडे चढताना पुढे एसटी असेल, किंवा गळीत हंगामात आष्टा-पलूसच्या रस्त्यावर उसाच्या ट्रॉल्यांमागे सरकावं लागत असेल, तर हाफ क्लच लागतोच. तिथे बटन प्लेट धक्के देणारच. मेस्त्रीने कितीही वेळा खोललं तरी तो धक्का जाणार नाही, कारण काही बिघडलेलंच नाही. तेवढ्यासाठी दुसऱ्यांदा मजुरी मोजू नका. चालत असेल तर विक्रेत्याकडून ऑरगॅनिक प्लेट बदलून घ्या.

दुसरी गोष्ट रनिंग-इनची. नवी प्लेट फ्लायव्हीलवर नीट बसायला बहुतेक उत्पादक पाचशे ते आठशे किलोमीटर सांगतात, तेही गावातलं, थांबत-निघत चालवणं. सांगली-मिरज रस्ता यासाठी उत्तम. महामार्गावर एकाच गिअरमध्ये पुण्याला जाऊन आलात तर ते किलोमीटर धरू नका, कारण त्यात क्लच वापरलाच जात नाही. या काळात पूर्ण अॅक्सिलरेटर दाबून ताकद आजमावली तर अस्तर तापून काचेसारखं गुळगुळीत होतं आणि मग ते खरंच घसरायला लागतं. फुलांच्या हंगामात रविवारी यवतेश्वर घाटाने कासला जाणंही या दिवसांत टाळा. बसवल्यानंतर थोडा वास येणं आणि गार गाडी किंचित थरथरणं, एवढं चालतं.

आता खऱ्या तक्रारी. सर्वांत जास्त येते ती गिअर अडण्याची. इंजिन चालू ठेवा, न्यूट्रलमध्ये पेडल पूर्ण दाबा, पाच सेकंद थांबा आणि मग रिव्हर्स टाका. करकर झाली तर प्लेट पूर्ण सुटत नाहीये. लगेच पेडल तीन-चारदा पंप करून पुन्हा तेच करा. आता गिअर सहज पडला तर हायड्रॉलिक लाइनमध्ये हवा आहे. एअर काढायला मजुरी तीनशे ते सहाशे आणि ब्रेक ऑइलचे दोन-तीनशे, एवढाच खर्च. पुष्कळ गाड्यांत क्लच आणि ब्रेकची ऑइलची बाटली एकच असते, त्यामुळे पातळी घटत असेल तर गाडी चालवत राहू नका. जुन्या आल्टो, वॅगनआरसारख्या केबलच्या गाड्यांत पेडलचं फ्री प्ले बघा. केबल ढिली असेल तर गिअर अडतो, अति ताणलेली असेल तर क्लच घसरतो. मॅन्युअलमधल्या मापाला ती लावून घेणं फुकटात व्हायला हवं, नवी केबल टाकली तरी हजाराच्या आत.

पंप करून किंवा केबल लावूनही फरक पडला नाही, तरच आत बघायची वेळ येते. तिथे मेस्त्रीला नेमके प्रश्न विचारा. प्लेटवर ‘फ्लायव्हील साइड’ लिहिलेली बाजू फ्लायव्हीलकडेच होती ना? उलटी बसली तर क्लच सुटतच नाही. गिअरबॉक्स चढवताना त्याचं वजन शाफ्टवर लोंबकळलं होतं का? त्याने प्लेट वाकते. खाचांवर ग्रीस जास्त लागलं होतं का? आणि काही गाड्यांत प्रेशर प्लेट स्वतःची झीज भरून काढणारी असते. ती खास टूल न लावता बसवली, तर तिचं अॅडजस्टर आधीच सुटतं आणि नवा सेट पहिल्याच दिवशी चुकीच्या मापाला जातो. हे चारही दोष बसवणाऱ्याचे आहेत. दुसऱ्यांदा उतरवण्याची मजुरी तुम्ही देण्याचं कारण नाही.

घसरण्याची चाचणी रनिंग-इन संपल्यावरच करा. मोकळ्या सपाट रस्त्यावर ताशी चाळीस-पन्नासच्या वेगाने चौथा गिअर टाकून अॅक्सिलरेटर पूर्ण दाबा. आरपीएमचा काटा उडी मारतो पण वेग वाढत नाही, तर क्लच घसरतोय. केबल ठीक असेल, तर बहुतेकदा इंजिनच्या मागच्या सीलमधून किंवा गिअरबॉक्सच्या सीलमधून प्लेटवर ऑइल आलेलं असतं. पाच-सातशेचं सील पहिल्याच वेळी बदललं असतं तर ही पाळी आली नसती.

थरथर गरम गाडीतही टिकली तर आधी इंजिन माउंटिंग बघा. ते बाहेरून दिसतं. मग फ्लायव्हील. जुन्या क्लचने त्यावर निळे-काळे डाग किंवा चर पाडले असतील आणि ते लेथवर फेसिंग न करता नवी प्लेट बसवली असेल, तर थरथर ठरलेली. साताऱ्याच्या किंवा कुपवाडच्या एमआयडीसीत लेथवर हे काम पाचशे ते पंधराशे रुपयांत होतं. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात पाण्यात राहिलेली सांगलीतली गाडी जुन्या बाजारातून घेतली असेल, तर फ्लायव्हीलवर गंजाचे खड्डे असू शकतात. ते लेथवरही जात नसतील तर फ्लायव्हीलच बदला. अनेक डिझेल गाड्यांत ड्युअल मास फ्लायव्हील असतं. त्याचं साधारणपणे फेसिंग करत नाहीत, बदलतात, आणि किंमत पंचवीस हजारांपासून साठ-सत्तर हजारांपर्यंत जाते. म्हणून क्लच सेट विकत घेण्याआधीच त्याचा ढिलेपणा मोजून घ्या.

आवाजाचं थोडक्यात: पेडल दाबल्यावर आवाज येत असेल तर रिलीज बेअरिंग, सोडल्यावर येत असेल तर गिअरबॉक्सच्या शाफ्टचं बेअरिंग. स्प्रिंग नसलेली परफॉर्मन्स प्लेट न्यूट्रलमध्ये खडखडणारच. पेडल जड असणंही त्या प्रेशर प्लेटचंच. पण दिवसागणिक जड होत असेल तर केबल किंवा मास्टर सिलिंडर तपासून घ्या.

बिलाबद्दल आग्रही राहा. २२ सप्टेंबर २०२५ पासून गाड्यांच्या सुट्या भागांवर जीएसटी १८ टक्के आहे. कोणी जुने २८ टक्के लावत असेल तर चूक आहे. नोंदणी नसलेल्या गॅरेजला जीएसटी घेताच येत नाही. पार्टचा नंबर, किलोमीटरचं रीडिंग आणि मजुरीवर किती महिन्यांची हमी, हे बिलावर लिहून घ्या. जुनी प्लेट गॅरेजमध्ये सोडू नका, घरी आणा. गाडी कंपनीच्या वॉरंटीत असेल तर बाहेरचा क्लच बसवल्यावर गिअरबॉक्सचा दावा नाकारायला कंपनीला कारण मिळतं, हेही आधी मोजून ठेवा.

गॅरेज ऐकत नसेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५. तिथे न मिटलं तर सातारा आणि सांगलीत जिल्हा ग्राहक आयोग आहेत. तुम्ही मोजलेला मोबदला पाच लाखांपर्यंत असेल तर फी नाही, मुदत दोन वर्षांची, आणि २०१९ च्या कायद्यानुसार क्लच मुंबई-दिल्लीहून ऑनलाइन मागवला असला तरी तक्रार तुम्ही राहता त्या जिल्ह्यातच दाखल करता येते. सोबत बिल, गाडीच्या आवाजाचा व्हिडिओ आणि शक्य असेल तर दुसऱ्या मेस्त्रीचं लेखी मत जोडा. ते मत गिअरबॉक्स उतरवलेला असतानाच, फोटोंसह घ्या. एकदा पुन्हा बसवल्यावर प्लेट उलटी होती हे कुणालाच दाखवता येत नाही.